मिटवून टाका!

एप्रिलमधली सकाळ. औंढ्याहून वसमतकडे निघालेली आमची जीप शिरड शहापूर सोडल्यावर थोड्या अंतरावर थांबते. पुढे रस्ता पिवळा झालाय. फुटलेल्या पोत्यांतून हळकुंडं सांडलीत, अजून सांडताहेत. उजव्या हाताच्या पांदणीतून निघालेल्या ट्रॅक्टरने तोंड वसमतकडे वळवलंय, पण मागची ट्रॉली रस्त्यावर आडवीच आहे. तिच्या चाकाला धडकून एक स्प्लेंडर कुशीवर पडलीय. हँडल टाकीला टेकलंय, पेट्रोल गळतंय.

गाडीवाला पस्तिशीच्या आतला. त्याला बाभळीच्या सावलीत आणून ठेवलंय. उजवी मांडी भलत्याच जागी वाकलेली दिसते. शेजारी त्याची मावशी मनगट पोटाशी धरून बसलीय. दोघं नागनाथाच्या दर्शनाला निघाले होते. कुणी पाणी पुढे केलं की म्हातारी एकच म्हणते, "मह्याकडं नका बघू, लेकराकडं बघा आदी."

१०८ ला फोन लागलाय. गाडी येईपर्यंत जमलेल्या प्रत्येकाजवळ निकाल तयार आहे.

"सुसाट व्हता गाडीवाला."

"पांदणीतून निघताना दोन्हीकडं बघावं नाही का?"

"हेल्मेट कुठं हाय त्याचं?"

"मोठ्या गाडीचीच चूक धरतेत नाना, तुमीच भरा."

नाना म्हणजे ट्रॅक्टरचे मालक. ते शेतातून धावत आलेत. ट्रॅक्टर चालवणारा त्यांचा धाकटा, विशीतला पोरगा, टायरला पाठ लावून उभा आहे. तो कुणाच्याच डोळ्यांना डोळा देत नाही. पांढऱ्या टोपीतले एक वडीलधारे पुढे होतात, नानांना बाजूला घेतात, मग गाडीवाल्याच्या नुकत्याच पोचलेल्या भावाला घेतात. "दहा हजार घ्या अन् मिटवून टाका. पोलीस, कोर्ट, तारखा… जिंदगी जाती बाबा त्याच्यात." नाना बंडीच्या खिशात हात घालतात. भाऊ मांडीकडे बघतो, मग नोटांकडे. त्याला काहीच सुचत नाही.

आता रस्ता मोकळा करायची घाई सुरू होते. दोघंतिघं स्प्लेंडर उचलायला वाकतात. एक बाई खराट्याने हळद लोटू लागते. मोंढ्यावर जायच्या आत भिजला-तुडवला तर माल गेलाच. तेवढ्यात मोटारसायकलवरून जमादार येतात आणि उतरायच्या आधीच ओरडतात, "कुणी हात लावू नका!"

अँब्युलन्स येते. जखमी चढवले जातात, भाऊ सोबत जातो. ते आधी, बाकी सगळं नंतर. मग जमादार गर्दीकडे वळतात. "पंच पाहिजेत दोन. दोन्ही पार्टीच्या नात्यातले नकोत." गर्दी हळूच मागे सरकते. मी जीपमधून उतरलेला, ना या गावचा ना त्या गावचा. टेपचं एक टोक माझ्या हातात येतं.

रस्त्याची रुंदी सात मीटर. स्प्लेंडरचं चाक घासत आल्याची काळी रेघ नऊ मीटर. रेघेपासून डांबराची डावी कड एक मीटर साठ. जमादार खडूने फुल्या मारतात, एका अंगाने नकाशा काढतात, मोबाइलवर फोटो घेतात. अपघाताची माहिती आता 'आय-रॅड' ॲपमध्येही भरावी लागते. हेडलाइटच्या काचा कुठे पडल्या, पहिलं हळकुंड कुठे सांडलं, ट्रॉलीच्या कुठल्या चाकावर पोचा आलाय, सगळं कागदावर येतं. पांदणीच्या तोंडाशी वेडी बाभूळ माजलीय, तिच्यामुळे दोन्हीकडून येणारा दिसत नाही, हेही येतं. ट्रॉलीच्या मागे ना रिफ्लेक्टर ना नंबर. तेही येतं.

मी विचारतो, "यातून चूक कळते?"

"आपण चूक लिहीत नाही," जमादार टेप गुंडाळत म्हणतात. "आपण जागा लिहितो. रेघ त्याच्या डाव्या अंगाला हाय, म्हणजे तो आपल्या बाजूनं होता. ब्रेक दाबलाय, म्हणजे त्यानं बघितलं होतं. पांदणीतनं डांबरावर येणाऱ्यानं थांबून मोठ्या रस्त्याला वाट द्यायची असती. सुसाट होता म्हणणारे धा जण भेटतील, पर 'सुसाट' टेपनं मोजता येत नाही."

हेल्मेटचं विचारणारा अजून तिथेच आहे. हेल्मेट नव्हतं, हे खरंच. त्याचा एक हजाराचा दंड कायद्यात आहे आणि लायसन तीन महिने अडकू शकतं. पण मोडलीय ती मांडी. डोक्याला मार असता तर विमा कंपनीने त्यावर बोट ठेवलं असतं. इथे हेल्मेट असतं किंवा नसतं, चाक त्याच जागी आदळलं असतं. दुचाकीवर तिघं बसल्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हाच धागा धरला. नियम मोडला म्हणजे आपोआप अपघातातली चूक ठरत नाही. त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो.

पंचनामा वाचून होतो, मी सही करतो. नाना जमादारांच्या जवळ सरकतात. आवाज खाली. "साहेब, धाकट्याकडं लायसन नाही. थोरल्याकडं हाय. तोच चालवत व्हता म्हणून लिवा की."

जमादार पेनाचं टोपण लावतात. "नाना, अर्ध्या गावानं पोरगं बघितलंय. गर्दीतल्या त्या पोराच्या मोबाइलात व्हिडिओ हाय. खोटा डायवर उभा केला तर दोन्ही लेकरं अडकतील, अन् कंपनीला पैसे नाकारायला आयतं कारण मिळंल." मग थोडं मऊ होऊन विचारतात, "हळद तुमचीच का भाड्यानं?"

"घरचीच हाय. मोंढ्यावर चालली व्हती."

"हे बरं झालं." ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामासाठी असते. घरचा माल मोंढ्यावर नेणं शेतीतच मोडतं. दुसऱ्याचा माल भाड्याने नेत असते, तर कंपनीच्या वकिलाला पहिला मुद्दा तिथेच सापडला असता.

लायसन नसल्याचं ओझं मात्र नानांवर राहणार. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून अशा प्रकरणांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं बहुधा कंपनीला सांगतात, जखमीला आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. जखमी सुटतो, नाना सुटत नाहीत. लायसन काढायला लागणारे दोन दिवस त्यांना फार महाग पडू शकतात.

*

वसमतच्या सरकारी रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद, केली जाते. एक्स-रे बघून डॉक्टर सांगतात, नांदेडला हलवा. अपघात होताच ट्रॉलीत अडकलेला मावशीचा हात सोडवणारा एक जीपवाला दारातच घुटमळतोय. नाव सांगितलं तर साक्षीला खेचतील, ही त्याची धास्ती. परिचारिका त्याला समजावते, तुमची इच्छा नसेल तर नाव देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं १३४-अ कलम जखमीला मदत करणाऱ्याला हे संरक्षण देतं.

भाऊ फोनवर उसनवारी करतोय. शेजारच्या बाकावरचा एक जण म्हणतो, "शेतकऱ्याचा विमा मिळतो की दोन लाखाचा." मिळतो, पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतले दोन लाख मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यावर आहेत आणि एक लाख एक अवयव गेल्यावर. मोडलेली मांडी त्यात बसत नाही. बसते ती दुसरी योजना. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत विनारोकड उपचार मिळतात. भावाला हे कुणी सांगितलेलंच नाही. नांदेडला नेतानाच 'हे रुग्णालय त्या यादीत आहे का' एवढं विचारायचं असतं, हे तो आता हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून घेतो.

दुपारी ठाण्यात फिर्याद लिहिली जाते. भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५, म्हणजे बेदरकार चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनी पोलिसांनाही मुदत घातलीय. ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला, ५० दिवसांत अंतरिम, ९० दिवसांत सविस्तर. त्या सविस्तर अहवालावरून न्यायाधिकरण दावा चालवू शकतं. तरी भावाने प्रती मागून ठेवलेल्या बऱ्या.

*

काही दिवसांनी वसमतच्या कोर्टाजवळच्या चहाच्या टपरीवर वकीलसाहेबांसमोर भाऊ बसलाय. पंच म्हणून मलाही बोलावलंय. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद बाहेर येतात. स्प्लेंडरची पॉलिसी निघते. ७१४ रुपये हप्त्याची, नुसती थर्ड पार्टी.

"मग आमच्या गाडीचे पैसे?" भाऊ विचारतो.

"तुमची कंपनी देणार नाही. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं झालेलं नुकसान. चालक-मालकाचं १५ लाखांचं अपघात कवच घेतलं असलं, तरी ते मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला. तुमचं जे काय यायचं ते ट्रॅक्टरच्या कंपनीकडून."

"अन् मावशी?"

वकील हसतात. मावशीचा दावा सगळ्यांत सरळ आहे. ती काही चालवत नव्हती. दोन्ही वाहनांची थोडी थोडी चूक निघाली, तरी तिची पूर्ण भरपाई एकट्या ट्रॅक्टरवाल्याकडून मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तसं स्पष्ट केलंय. उलट समजा भाच्याचीच सगळी चूक असती, तर या नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेली मावशी बसलीच नसती. तिला कवच मिळतं ते पॅकेज पॉलिसीत.

मग ते चहाच्या बिलाच्या पाठीवर आकडे मांडतात. वय ३४, म्हणून गुणक १६. हा सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातला तक्ता. कमाई महिना बारा हजार धरली, पाय आखडल्यामुळे कामाची क्षमता वीस टक्के घटली असं धरलं, आणि चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगाराला पुढच्या वाढीचे चाळीस टक्के मिळवले, तर ६ लाख ४५ हजार १२०. दवाखान्याचा खर्च आणि वेदनेची भरपाई वेगळी.

"आता कंपनी काय म्हणणार? गाडीवाल्याचीबी चूक हाय. पंचवीस टक्के धरा." वकील एक रेघ मारतात. "गेले एक लाख एकसष्ट हजार. म्हणून तो पंचनामा."

कंपनीचा तपासनीस कालच शिरडच्या रस्त्यावर जाऊन आलाय. खडूच्या फुल्या नाहीत, काळी रेघ नाही, काचा नाहीत. हळदीच्या हंगामातली रहदारी सगळं पुसून गेलीय. उरलंय ते एक मीटर साठ, कागदावर, दोन पंचांच्या सह्यांखाली.

भाऊ अजून एक कागद पुढे करतो. कुणीतरी सुचवलंय, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करताच अडीच लाख मिळतात, लवकर मिळतात. वकील मान हलवतात. मिळतात हे खरं. मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच. ज्याच्याकडे साक्षी-पुरावा नाही, त्याला तो मोठाच आधार आहे. पण कंपनीशी ठरलेल्या रीतीने ते एकदा स्वीकारले की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो. रस्त्यावर दहा हजारांत मिटवायला सांगणारे होते, आता अडीच लाखांत मिटवायची सोय कायद्यानेच ठेवलीय. दोन्ही वेळी प्रश्न एकच, सही करायच्या आधी पूर्ण हिशेब केलाय का?

दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी बसून राहू नये. तडजोडच करायची असेल, तर लोकअदालत आहे. तिथेही मिटतंच, फक्त कागद, डॉक्टरचा दाखला आणि हिशेब समोर ठेवून मिटतं.

म्हणून सांगणं एवढंच. जखमीला आधी दवाखान्यात पोचवा. वाहनं हलवायच्या आत चारही बाजूंनी फोटो काढा. पंच व्हायला कुणी बोलावलं तर मागे सरकू नका, तुमच्या एका सहीवर अनोळखी घराचे लाख-दीड लाख अवलंबून असतात. चालवत होता त्याचंच नाव लिहू द्या. आणि मोडलेलं हाड जुळायच्या आत कुणी 'मिटवून टाका' म्हणालं, तर नोटा परत करा.