दारोदारची वर्गणी

तापीकाठी, बऱ्हाणपुराजवळच्या बहादरपुरासारख्या गावी वाचनालय किंवा बालवाडी काढावयाची म्हटली, की चालकांची दृष्टी प्रथम एखाद्या धनिकाच्या वाड्याकडे वळते. पन्नास घरे हिंडण्यापेक्षा एकच दार ठोठावणे सोपे! परंतु धोंडो केशव कर्वे यांनी जन्मभर पुष्कळ दारे ठोठावली, आणि त्यामागे विचार होता.

१८९३ साली विधवेशी विवाह केल्यामुळे मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. तीनच वर्षांनी त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. अशा गृहस्थास पैसा कोण देणार? कर्व्यांनी आश्रमाचे कार्य विधवांच्या शिक्षणापुरते राखून पुनर्विवाहाचा प्रचार त्यापासून अलग ठेवला. कित्येक सुधारकांस ही माघार वाटली; पण त्यामुळेच जुन्या वळणाच्या माणसासही मनाविरुद्ध न जाता वर्गणी देता आली. १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला, तो रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर.

वर्गणीसाठी गावोगाव हिंडण्यात पार्वतीबाई आठवले यांचा वाटा मोठा. त्या कर्व्यांच्या मेहुणी, स्वतः बालपणी शिक्षणास मुकलेल्या विधवा. त्या काळी सभेत स्त्रीने उभे राहून बोलणे हीच नवलाई. त्यातून केशवपन केलेली स्त्री आपल्यासारख्यांसाठी मागते आहे, हे पाहिल्यावर श्रोत्यांस आश्रमाचे वेगळे माहितीपत्रक कशाला हवे होते? १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे घरकाम करून इंग्रजी शिकल्या.

मोठ्या देणगीचे कर्व्यांना वावडे नव्हते. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठास पंधरा लाख रुपये देऊ केले, तेव्हा विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. मोठ्या दानाबरोबर दात्याची इच्छाही येते. ती मान्य नसेल तर आधीच नाही म्हणावे. पैसे घेऊन मग कुरकुर करू नये. चार आण्यांचा वर्गणीदार अट घालीत नाही. तो फक्त पुढल्या वर्षी हिशेब विचारतो, आणि तो चोख मिळाला तर शेजाऱ्यासही घेऊन येतो.

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी नवे मंडळ काढले. लक्षाधीशांची ओळख असलेला हा वृद्ध पुण्यात पुन्हा घरोघर जाऊन किरकोळ वर्गणी गोळा करू लागला. त्या वर्गणीत त्याच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातील हिस्साही होता.