पंखा वाढवून ‘ताप’ उतरत नाही

गणेशोत्सव, नवरात्र आणि त्यापाठोपाठ येणारी लग्नसराई या काळात दुरुस्तीसाठी येणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. तासाभरात संच हात लावता येणार नाही इतका तापतो आणि बंद पडतो. यावर सर्वाधिक प्रचलित उपाय म्हणजे मागच्या बाजूस आणखी एक पंखा बसवणे. वैद्यकशास्त्र तापाला रोग न मानता रोगाचे लक्षण मानते. ध्वनिवर्धकाबाबतही हीच दृष्टी ठेवली, तर पुढचा बराच खर्च आणि क्वचित मोठा अनर्थ टळू शकतो.

अ‍ॅम्प्लिफायर थोडाफार तापणे स्वाभाविकच आहे. आपल्याकडे मोठ्या संख्येने वापरात असलेले ‘क्लास एबी’ प्रकारचे संच विजेचा काही भाग आवाजात आणि उरलेला उष्णतेत रूपांतरित करतात. गंमत अशी, की हा संच सर्वाधिक तापतो तो पूर्ण आवाजात नव्हे. आदर्श गणित मांडले, तर १०० वॅटचा संच पूर्ण शक्तीने चालत असताना सुमारे २७ वॅट उष्णता निर्माण करतो. मात्र तोच ४० वॅटवर चालवला, तर उष्णताही ४० वॅट होते. त्यामुळे ‘आवाज तर निम्माच ठेवला होता’ हा बचाव येथे उपयोगी पडत नाही.

पेटी उघडण्यापूर्वी बाहेरची जोडणी तपासावी, कारण दोष पुष्कळदा तेथेच असतो. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की अ‍ॅम्प्लिफायरसमोरचा रोध चार ओहम होतो आणि चार स्पीकर जोडले तर अवघा दोन. रोध निम्मा झाला, की तेवढ्याच आवाजाच्या पातळीवर प्रवाह आणि उष्णता दोन्ही दुप्पट होतात. संचाच्या मागे ‘किमान ४ ओहम’ असे छापलेले असताना त्यावर दोन ओहमचा भार टाकणे म्हणजे बैलगाडीला ट्रकचा माल बांधण्यासारखे आहे. चार स्पीकर लावायचेच असतील, तर दोन-दोन एकसर जोडून त्या जोड्या समांतर जोडाव्यात. एकूण रोध पुन्हा आठ ओहम येतो.

मंदिरे, शाळा व सभागृहांतून वापरली जाणारी १०० व्होल्टची लाइन हा वेगळा प्रकार. तेथे प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर असतो आणि सर्व भोंग्यांच्या वॅटची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या क्षमतेत बसावी लागते. ट्रान्सफॉर्मर नसलेला आठ ओहमचा भोंगा चुकून या लाइनवर जोडला, तर तो एकटा १,२५० वॅटची मागणी करतो. मग संच तापला तर नवल ते काय!

यानंतर हवेचा मार्ग पाहावा. एकावर एक रचलेले संच, धूळ बसू नये म्हणून वर टाकलेले कापड, आणि मिरवणुकीनंतर पंख्याच्या पात्यांवर व हीट सिंकच्या फटींत थराने बसलेला गुलाल. हा गुलाल ब्रशने काढून टाकणे हा नव्या पंख्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. जनरेटरचा दाबही मोजावा. तो २३० ऐवजी २५० व्होल्टच्या पुढे गेला, तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या संचात आतील दाबही त्याच प्रमाणात वाढतो.

बाहेर काहीच सापडले नाही, तर स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून संच अर्धा तास चालू ठेवावा. या स्थितीतही हीट सिंक चांगलेच तापले, तर दोष आत आहे हे निश्चित समजावे. पहिला संशय ‘बायस’ प्रवाहावर घ्यावा. आवाज फाटू नये म्हणून आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत थोडा प्रवाह वाहता ठेवलेला असतो. अधिक-उणे ४० व्होल्टच्या संचात तो ५० मिलिअँपिअर असेल, तर उष्णता केवळ चार वॅट. पण तो ५०० झाला, तर काहीही न वाजता ४० वॅट! एमिटरला ०.२२ ओहमचा रोध असल्यास त्याच्या दोन टोकांत ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर, असा हिशेब मल्टिमीटरवर मांडता येतो.

येथे एक दुष्टचक्र दडलेले आहे. ट्रान्झिस्टर तापला, की तेवढ्याच प्रवाहासाठी त्याला लागणारा बेसचा दाब अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो. दाब तोच राहिला, तर प्रवाह वाढतो, त्यामुळे तापमान वाढते, पुन्हा प्रवाह वाढतो. हे रोखण्यासाठी हीट सिंकला चिकटवलेला एक छोटा ट्रान्झिस्टर वा डायोड पहारा देत असतो. घाईच्या दुरुस्तीत तो हवेत लोंबकळत सोडला, तर पहारेकरीच झोपला म्हणायचा.

आउटपुटजवळचा दहा ओहमचा रोध काळवंडलेला दिसला, तर संच कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च कंप्रतेवर ‘गात’ असण्याची दाट शक्यता असते. केवळ रोध बदलून हा दोष जात नाही. ट्रान्झिस्टरखालची पांढरी पेस्ट वाळली असेल, तर ती पुसून पातळ थर द्यावा. जाड थर उष्णता अडवतो. नकली ट्रान्झिस्टर ही आणखी एक डोकेदुखी. अस्सल ‘टू एन ३०५५’ची क्षमता ११५ वॅट, पण तीही बाह्य आवरण २५ अंशांवर असतानाच. १०० अंशांवर ती साधारण ६५ वॅटवर येते. नकली मालात याच आवरणाखाली बरीच लहान चकती बसवलेली असते.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे वारंवार बंद पडतो म्हणून थर्मल स्विच तारेने जोडून टाकणे किंवा फ्यूजच्या जागी जाड तार घालणे. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, की आतील पूर्ण दाब थेट स्पीकरवर येऊ शकतो. आवाजाची कॉइल मग शेगडीसारखी तापते, कागदी कोन पेट घेऊ शकतो, आणि मंडपात भोवती कापडच असते. रक्षण करणारे हे दोन्ही भाग आहेत त्याच क्षमतेचे ठेवावेत.

आत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा आणि मोठे कॅपॅसिटर रोध लावून रिकामे करावेत. वीज बंद केल्यावरही त्यांत भार शिल्लक राहतो. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना स्पीकर न जोडता १०० वॅटचा तारेचा दिवा सिरीजमध्ये लावावा. येथे एलईडी चालत नाही. दिवा क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक; प्रखर पेटून राहिला तर शॉर्ट कायम आहे. दिवा मंद झाल्यावर तो काढून बायस पुन्हा मोजावा, अर्धा तास मुका आणि अर्धा तास भारावर चालवून हीट सिंकचे तापमान पाहावे आणि मगच संच मंडपाकडे रवाना करावा.