चहा सगळ्यांना सारखाच चढत नाही

गैरसमज : 'रात्री ११ वाजता चहा घेतला तरी मला काही होत नाही. आमच्या रक्तातच आहे ते!'

अर्धंच खरं. चहा-कॉफीतलं कॅफीन मेंदूत झोप आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवतं, म्हणून पेंग पळते. त्याचा निचरा यकृतात होतो आणि त्यातलं सुमारे ९५ टक्के काम सीवायपी१ए२ हे एकच विकर करतं. निरोगी प्रौढाच्या रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी ५ तास लागतात. कुणाला २ पुरतात, कुणाला ९ लागतात. या विकराचं जनुक आईवडिलांकडून येतं, हे खरंच. पण ते कामाला किती जुंपलं जातं, हे आयुष्यभर बदलत राहतं.

मुदतीआधी जन्मलेली बाळं मध्येच श्वास थांबवतात, म्हणून नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) त्यांना कॅफीन सायट्रेट देतात. रोजचा डोस दिवसातून एकदाच पुरतो. कारण त्या इवल्या यकृतात हे जनुक अजून जवळपास गप्प असतं आणि कॅफीन निम्मं व्हायला ३-४ दिवस जातात. काही महिन्यांत तेच जनुक कामाला लागतं.

सिगारेटचं उलट. धुरातली काही रसायनं (निकोटिन नव्हे, बरं का) या जनुकाला इतकं कामाला लावतात की कॅफीन जवळपास दुप्पट वेगाने बाहेर पडतं. सिगारेट सुटली की हा वेग काही दिवसांतच ओसरतो. चहा मात्र तेवढाच चालू असतो. मग धडधड, चिडचिड, रात्रभर तळमळ. आणि खापर फुटतं ते एकट्या तलफेवर. गर्भनिरोधक गोळ्यांनी निचरा मंदावतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर फारच.

गैरसमज : 'झोप लागते ना, मग परिणाम नाही.'

२०१३च्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं. यंत्राच्या नोंदीत झोप तासाभराहून जास्त घटली. झोपणाऱ्यांच्या स्वतःच्या अंदाजात घट त्याहून कमी होती. आपल्या झोपेचे आपण फारसे विश्वासू साक्षीदार नाही.

गैरसमज : 'जनुक चाचणी केली की किती कप चालतील ते कळेल.'

नाही कळणार. चाचणी जनुकाचा प्रकार सांगते, आज ते किती काम करतंय हे नाही. त्यापेक्षा संध्याकाळचा चहा आठवडाभर बंद करून पाहा, फुकटात कळेल. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल, तर तेवढे दिवस चहा-कॉफी कमीच ठेवा. ते याच विकराला रोखतं.