फोन लावलात? आधी विचारा, ‘गाडीवर आहेस का?’

गाडी चालवताना मोबाईल वापरू नका, असं पोलीस सांगतात, रस्त्यावरच्या पाट्याही सांगतात. पण हे सगळं सांगितलं जातं ते चालवणाऱ्याला. त्याला फोन करतं कोण? पुष्कळदा आपणच, घरचे. ‘कुठंवर आलास?’, ‘येताना दूध आण,’ ‘पोरीला क्लासवरून घे.’ दोन वेळा उचलला नाही की तिसऱ्यांदा लावतो. तो मग फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबतो किंवा हेल्मेटमध्ये खुपसतो आणि एका हाताने गाडी हाकतो.

एवढ्याने काय होतं? हिशोब करून बघा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. कुणाचा फोन आहे, हे बघायला ३ सेकंद मान खाली घातली, तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे दहा बाय दहाच्या सलग दहा खोल्या आपण डोळे मिटून पार केल्या. तेवढ्या अंतरात एखादं पोर चेंडूमागे धावत आलं तर?

काही जण म्हणतात, ‘मी ब्लूटूथवर बोलतो, हात मोकळे असतात.’ हात मोकळे असतात, मेंदू नसतो. बोलण्यात गुंतलेल्या माणसाला समोरचं दिसतं, पण ते उमगायला आणि ब्रेक दाबायला उशीर होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात न लावता बोलणंही फारसं सुरक्षित नाही. दोन्ही कानांत इअरफोन असतील तर मागच्या ट्रकचा हॉर्नही ऐकू येत नाही.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. आपल्या वस्त्यांत गाडी म्हणजे बहुतेक दुचाकीच. डोक्याला मार लागलेला किंवा मांडीचं हाड मोडलेला कमावता माणूस महिनोन्‌महिने अंथरुणावर पडतो. घरची बाई कामावर जायची की त्याचं करायचं, या पेचात सापडते. मग मोठ्या मुलीची शाळा सुटते. खाटेवरच्या एका पेशंटमागे अख्खं घर आजारी पडतं, हे नर्स म्हणून मी वॉर्डात पाहिलं आहे.

डिलिव्हरी करणाऱ्या आणि रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्या पोरांचं दुखणं वेगळं आहे. त्यांचं कामच मोबाईलवर चालतं. घंटी वाजली की बघावंच लागतं, नाहीतर ऑर्डर जाते. त्यांना नुसता दोष देऊन भागणार नाही. गाडी चालू असताना नवी ऑर्डर दाखवू नका, ही मागणी त्यांच्या संघटनांनी कंपन्यांकडे लावून धरली पाहिजे. तोवर पोरांनो, निघण्याआधी पत्ता लावून घ्या, फोन स्टँडवर ठेवा, आवाजावर रस्ता ऐका आणि ऑर्डर गाडी कडेला लावूनच बघा.

कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. हातात फोन घेऊन धोका होईल अशी गाडी चालवली, तर पहिल्याच गुन्ह्याला १ ते ५ हजार रुपये दंड, ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फोनवर फक्त रस्ता बघायची मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

घरात आजपासून एवढं पाळा :

• फोन लावला की पहिला प्रश्न, ‘गाडीवर आहेस का?’ ‘हो’ म्हटलं की लगेच ठेवा.
• उचलला नाही तर परत परत लावू नका. तो पोहोचला की करेल.
• तातडीचं असेल तर मागे बसलेल्याने फोन घ्यावा. कुणी नसेल तर गाडी थांबवून बोलावं.
• निघताना फोन सायलेंट करून खिशात किंवा डिकीत ठेवा.
• पोरांना नुसतं सांगू नका, आपण तसं वागून दाखवा.

एवढं करूनही अपघात झालाच, तर १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, मान हलवू नका, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा. मदत करायला घाबरू नका. कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. ५ मे २०२५ पासून केंद्राची योजनाही लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्तावर ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार होतात. दवाखान्यात गेल्यावर तिची चौकशी जरूर करा.

विहारातल्या पुढच्या बैठकीत हा विषय पाच मिनिटं काढा. महिला मंडळाने मनावर घेतलं तर महिनाभरात सगळ्या वस्तीला ही सवय लागेल. दूध दहा मिनिटं उशिरा आलं तरी चालतं.