विश्लेषण : मुंबईच्या गाडीत मधला बर्थ कधी लावता येतो? सहप्रवासी ऐकतच नसेल तर काय करायचे?

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तरीही वऱ्हाडातील बहुतेकांसाठी मुंबई म्हणजे आजही रात्रीची गाडीच. टाटा रुग्णालयातली तपासणी, मंत्रालयातले काम, नोकरीची मुलाखत… सकाळी उतरून थेट कामाला लागायचे असते. त्यामुळे ती एका रात्रीची झोप मोलाची असते. नेमकी तीच झोप खालच्या बर्थवर रंगलेल्या गप्पांमुळे किंवा कुणाच्या मोबाइलवरच्या रील्समुळे मोडते. अशा वेळी नियम कोणाच्या बाजूने असतो?

झोपण्याची अधिकृत वेळ कोणती?

रात्री १० ते सकाळी ६. रेल्वे बोर्डाने ऑगस्ट २०१७ मध्ये ही वेळ ठरवली. त्याआधी ती रात्री ९ पासून सुरू होत असे. आरक्षित डब्यात या आठ तासांत बर्थ झोपण्यासाठी आणि उरलेल्या वेळी बसण्यासाठी असतो.

अंबा एक्स्प्रेस अमरावतीहून संध्याकाळी सुटते आणि बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करत भुसावळकडे जाते. अकोल्यात चढल्याबरोबर कुणी मधला बर्थ लावू म्हणाले आणि दहा वाजलेले नसतील, तर खालचा प्रवासी नकार देऊ शकतो. दहा वाजल्यावर मात्र ‘आमचं जेवण व्हायचंय’ हे कारण चालत नाही. साइड अपरच्या प्रवाशालाही रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खालच्या बर्थवर बसण्याचा हक्क नाही.

कुणाला सवलत आहे?

आजारी, दिव्यांग आणि गर्भवती प्रवाशांना ठरलेल्या वेळेबाहेरही झोपू द्यावे, त्यासाठी इतरांनी सहकार्य करावे, असे हाच नियम सांगतो. उपचारासाठी रुग्णाला मुंबईला नेणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे आणि शेजाऱ्यांना सुरुवातीलाच कल्पना द्यावी.

मोबाइलच्या आवाजाचे काय?

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने यावर सूचना काढल्या. रात्री दहानंतर इअरफोनशिवाय गाणी ऐकणे, फोनवर मोठ्याने बोलणे आणि घोळक्याने गप्पा मारणे यांना मनाई आहे. नाइट लॅम्प सोडून बाकीचे दिवे बंद करायचे असतात. हे पाळले जाते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी गाडीतील कर्मचाऱ्यांवर आहे.

ऐकत नसेल तर?

१. आधी शांतपणे वेळ दाखवा. ‘काका, दहा वाजले, बर्थ लावू का?’ एवढे बहुतेकदा पुरते. ‘तुम्हाला समजत नाही का?’ अशी सुरुवात केली, तर भांडण भुसावळपर्यंत पुरते.

२. तरी ऐकले नाही, तर टीटीईला सांगा.

३. टीटीई सापडत नसेल, तर १३९ वर फोन करा किंवा ‘रेलमदद’ अॅपवर तक्रार नोंदवा. पीएनआर, डबा आणि बर्थ क्रमांक हाताशी ठेवा आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.

४. दारू पिऊन गोंधळ, शिवीगाळ किंवा छेडछाड होत असेल, तर समजूत घालत बसू नका. थेट १३९ वर सुरक्षेसाठी मदत मागा. दारू पिऊन उपद्रव देणाऱ्याला रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४५ नुसार गाडीतून उतरवता येते आणि त्याला शिक्षाही होऊ शकते.

नियम कुठे संपतो?

विमानात टेकऑफ आणि लँडिंग सोडले, तर सीट मागे कधी झुकवायची याचे ठरलेले तास नाहीत. तिथे सारे समजुतीवर चालते. गाडीत निदान घड्याळ तरी दोघांचे एकच असते. पण रडणारे बाळ, उघडलेला डबा किंवा म्हाताऱ्या माणसाचा खोकला यांसाठी कोणतेही परिपत्रक नाही. तिथे थोडे सरकून घ्यावेच लागते. म्हणूनच बर्थवर बसताच शेजाऱ्यांना ‘तुम्ही कुठे उतरणार, किती वाजता झोपणार?’ हे विचारून ठेवले, तर पुढची निम्मी कटकट वाचते.