इंजिनातील कार्बन आणि रसायनांची मर्यादा
इंजेक्टरच्या तोंडाशी आणि झडपांवर साचणारा कार्बनचा थर सुटावा म्हणून पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या द्रावणांत पॉलिइथरअमाइन हे नायट्रोजनयुक्त प्रक्षालक, म्हणजे मळ सोडवणारे रसायन, विशेष भरवशाचे मानले जाते, कारण त्याच्या रेणूचे एक टोक थराला चिकटते, दुसरे इंधनात विरघळलेले राहते आणि सुटलेले कण जळून जातात. अमेरिकेने १९९५ पासून पेट्रोलमध्ये प्रक्षालक सक्तीचे केले, ते असे थर रोखण्यासाठीच. मात्र ज्या इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तेथे हवा आत घेणाऱ्या झडपेच्या मागील बाजूस पेट्रोल पोहोचतच नाही आणि क्रँककेसमधून येणाऱ्या तेलाच्या वाफांचा थर तिच्यावर वाढत राहतो. टाकीत ओतलेले औषध तेथे निरुपयोगी आहे, हे ग्राहकाला विक्रीपूर्वीच सांगितले गेले पाहिजे. अशा झडपा अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून स्वच्छ केल्या जातात.