शस्त्रक्रियेविना मानेला उठाव : सुईआधी तपासावा लागतो तो सैल झालेला थर

जबलपूर : भंवरताल उद्यानाकडून नेपियर टाउनच्या रस्त्यांवर वळले की रुग्णालये, तपासणी प्रयोगशाळा आणि औषधांची दुकाने यांच्या पाट्या सुरू होतात. त्वचा आणि केसांच्या दवाखान्यांच्या पाट्याही आता त्यांत सहज दिसतात. चिरफाड नाही, टाके नाहीत, दुपारी उपचार आणि संध्याकाळी घरी, अशा अर्थाच्या जाहिराती देशातील इतर शहरांप्रमाणे येथेही पन्नाशीकडे झुकलेल्या ग्राहकांना खुणावतात. चेहऱ्याची काळजी वर्षानुवर्षे घेतलेली असते. मान मात्र वय सांगून टाकते. तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य असेल, तर हा प्रश्न आणखी निकडीचा होतो.

या उपचारांना सरसकट ‘लिफ्ट’ म्हटले जाते. या एका शब्दामागे किमान अर्धा डझन वेगवेगळे उपचार असून त्यातील प्रत्येक उपचार शरीराच्या वेगळ्या थरावर काम करतो. थर चुकला, तर पैसा वाया जातोच, शिवाय दोष वाढूही शकतो.

मान आणि जबड्याची रेषा एकाच कारणाने सैल होत नाही. वयानुसार त्वचेतील कोलॅजन दरवर्षी थोडे थोडे घटते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही घट झपाट्याने होते. मानेची त्वचा चेहऱ्याच्या त्वचेपेक्षा पातळ असते आणि तिच्यात तैलग्रंथीही कमी असतात. त्वचेखाली प्लॅटिझ्मा नावाचा पातळ, पसरट स्नायू छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत चढतो. वयाबरोबर त्याच्या कडा दोऱ्यांसारख्या उभ्या दिसू लागतात आणि तो जबड्याची कडा खाली ओढतो. हनुवटीखाली चरबी साठते, तर गालावरील चरबी खाली उतरते. जबड्याचे हाडही झिजते, त्यामुळे वरच्या आवरणाचा आधारच कमी होतो. वजन झपाट्याने उतरल्यासही त्वचा लोंबते. मधुमेह आणि स्थूलतेवरील साप्ताहिक इंजेक्शने २०२५ मध्ये भारतीय बाजारात आल्यानंतर या कारणाची चर्चा वाढली आहे.

दोष स्नायूच्या दोऱ्यांचा असेल, तर बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजेच बोलीभाषेतले ‘बोटॉक्स’, उपयोगी पडते. ते स्नायूला तात्पुरते शिथिल करते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधाला भुवयांमधील आठ्यांसाठी २००२ मध्येच मान्यता दिली होती. मानेच्या दोऱ्यांसाठीची मान्यता मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली. परिणाम एक-दोन आठवड्यांत दिसतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. मात्रा जास्त झाली किंवा जागा चुकली, तर गिळताना त्रास होतो, मान उचलणे जड जाते किंवा हसू वाकडे दिसते. स्नायूंचा विशिष्ट आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी हे इंजेक्शन टाळायचे असते. लोंबणाऱ्या त्वचेवर याचा फारसा उपयोग नाही, हे सहसा जाहिरातीत नसते.

हनुवटीखालची चरबी विरघळवणाऱ्या डीऑक्सिकोलिक आम्लाच्या इंजेक्शनला तेथे २०१५ मध्ये मान्यता मिळाली, तीही केवळ त्याच जागेसाठी. जास्तीत जास्त सहा सत्रे आणि दोन सत्रांत किमान महिन्याचे अंतर, असे त्याचे वेळापत्रक असते. प्रत्येक वेळी सूज येते आणि ती काही दिवस राहते. खालचा ओठ हलवणारी चेतातंतूची शाखा जबड्याच्या कडेने जाते. तिला धक्का लागल्यास हसताना ओठ एका बाजूला झुकतो. बहुतेक वेळा हे काही आठवड्यांत सुधारते. खरी अडचण वेगळीच आहे. ज्यांची त्वचा आधीच सैल आहे, त्यांची चरबी काढली की पिशवी रिकामी होते आणि लोंबणे उलट ठळक होते. म्हणून तिशी-चाळिशीतील, घट्ट त्वचेच्या व्यक्तीला जे शोभते ते साठीतल्या व्यक्तीला शोभेलच असे नाही.

चरबी गोठवण्याच्या यंत्राबाबतही सावधगिरीचे कारण आहे. सुप्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले, की या उपचारानंतर त्यांची चरबी घटण्याऐवजी वाढली. हा दुष्परिणाम विरळ असला तरी वैद्यकशास्त्राला ज्ञात आहे.

त्वचेचा थर सैल असेल, तर उष्णतेचे उपचार केले जातात. मायक्रोफोकस्ड अल्ट्रासाउंड यंत्र त्वचेखाली साडेचार मिलिमीटरपर्यंत खोल, अगदी बारीक बिंदूंवर ६० ते ७० अंश सेल्सिअस उष्णता पोहोचवते. तेथील तंतू आकसतात आणि शरीर नवे कोलॅजन घडवते. मानेसाठी या तंत्राला अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली. परिणाम दिसायला दोन ते तीन महिने लागतात आणि तो सौम्य असतो. म्हणजे कार्तिकातल्या लग्नासाठी आश्विनात केलेला उपचार लग्नाच्या छायाचित्रांत दिसणार नाही. आपल्याकडील गव्हाळ-सावळ्या त्वचेच्या दृष्टीने याचा एक फायदा आहे : काही लेसर किरण त्वचेच्या रंगद्रव्यात शोषले जाऊन डाग पाडू शकतात, अल्ट्रासाउंड मात्र रंग पाहत नाही. तरीही भाजणे आणि त्यातून काळे डाग पडणे शक्य असते.

रेडिओफ्रिक्वेन्सी लहरी सुयांतून त्वचेत सोडण्याची पद्धत सध्या लोकप्रिय आहे. तिच्या काही वापरांत भाजणे, व्रण, चरबी नाहीशी होणे आणि चेतातंतूंना इजा अशा तक्रारी आल्याचे अमेरिकेच्या प्रशासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवले. त्वचेत ओवल्या जाणाऱ्या विरघळत्या धाग्यांचा ताण काही महिन्यांत सैलावतो. खळगा पडणे, धागा वरून दिसणे आणि जंतुसंसर्ग हे त्याचे धोके आहेत.

हाडाचा आधार कमी झाला असेल, तर जबड्याच्या कडेला हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर भरतात. याचा परिणाम लगेच दिसतो. मात्र सुई रक्तवाहिनीत शिरून फिलर तेथे अडकला, तर त्वचा मरू शकते आणि चेहऱ्याच्या काही भागांत दृष्टीही जाऊ शकते. त्यावरचे उत्तर म्हणजे हायल्युरोनिडेज हे विरघळवणारे इंजेक्शन, आणि ते तातडीने मिळावे लागते. जबलपूरहून नागपूर रस्त्याने सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. उपचार तेथे घेऊन रात्री घरी परतलेल्या व्यक्तीच्या गालावर पांढुरका-निळसर पट्टा उमटला आणि वेदना वाढल्या, तर सकाळची वाट पाहणे परवडत नाही. हे इंजेक्शन दवाखान्यात आहे का आणि रात्री फोन कोण उचलेल, हे प्रश्न दर विचारण्याआधीचे आहेत.

या सर्वांच्या आधी मानेला हात लावून तपासणे येते. हनुवटीखालचा फुगवटा नेहमी चरबीच असतो असे नाही. तो खाली सरकलेल्या लाळग्रंथीचा, थायरॉइडचा किंवा लसिकाग्रंथीचा असू शकतो. तंबाखू आणि गुटख्याचे व्यसन मोठ्या प्रमाणावर असलेल्या मध्य भारतात हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण तोंडाच्या कर्करोगाची गाठ जबड्याखाली हाताला लागते. नवी, घट्ट किंवा एकाच बाजूची सूज असलेल्या व्यक्तीने सौंदर्योपचाराआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

सुई कोणाच्या हातात आहे, हेही पाहावे लागते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग आणि राज्याच्या वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांची नोंदणी असते. मध्य प्रदेशात खासगी दवाखान्यांसाठी १९७३ चा उपचर्यागृह व रुजोपचार अधिनियम लागू आहे. त्याखालील नोंदणीविषयी विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. औषधाची कुपी डोळ्यांसमोर उघडावी आणि तिचा बॅच क्रमांक देयकावर लिहून घ्यावा. बनावट किंवा अयोग्य रीतीने दिलेल्या टॉक्सिनमुळे अमेरिकेत २०२४ च्या वसंतापर्यंत २२ जणांना त्रास झाल्याची नोंद झाली आणि त्यातील काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकींत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया येते. त्यामुळे सौंदर्योपचाराचा खर्च विमा देईल, असे गृहीत धरू नये.

त्वचा खूपच लोंबत असेल, तर कोणतेही यंत्र ती कापून काढू शकत नाही. तेथे प्लास्टिक सर्जनची शस्त्रक्रियाच लागते आणि प्रामाणिक डॉक्टर हे पहिल्याच भेटीत सांगतो. दुचाकीवरून जाणाऱ्या जबलपूरच्या तरुणी मे महिन्याच्या उन्हात चेहरा आणि मान ओढणीने घट्ट गुंडाळतात. कोलॅजन मोडणाऱ्या अतिनील किरणांपासून रक्षण करणारा हा उपाय कोणत्याही पाटीवर लिहिलेला नसतो. सनस्क्रीन लावतानाही बहुतेकांचा हात हनुवटीशीच थांबतो.